पॉज दाबा, ते मुखपृष्ठ आहे: सुपरहिरो मालिकांमधले सलाम ओळखायला शिकताना

सुपरहिरोंची मालिका बघताना एखादा शॉट गरजेपेक्षा सेकंदभर जास्त रेंगाळतो. पात्रं जरा जास्तच नीट उभी राहतात, पार्श्वभूमी एकदम मोकळी होते. शेजारी एखादा जुना कॉमिकवाचक बसलेला असेल तर तो "अरे, हे तर..." म्हणत ताठ होतो, आणि आपण नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. बहुतेक वेळा तो शॉट म्हणजे कुठल्या तरी जुन्या कॉमिकचं मुखपृष्ठ असतं, माणसं उभी करून पुन्हा रचलेलं. मालिकेनं त्या मुखपृष्ठाला केलेला हा सलाम.

असे शॉट ओळखायला कॉमिक्सचं कपाटभर वाचन लागत नाही. पाच-सात मुखपृष्ठं नीट बघितलेली असली तरी सुरुवात होते. हा लेख अशा सुरुवातीसाठी आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. यूट्यूबवर लाल बाण काढून 'हे बघितलंत का?' विचारणारे व्हिडिओ ढिगानं सापडतील, पण ओळखणं हे निम्मंच काम आहे. खरी मजा पुढच्या प्रश्नात असते: मुखपृष्ठानं वाचकाला जे कोडं घातलं होतं, त्याचं मालिकेनं काय केलं?

पुढे 'द फ्लॅश', 'वॉचमेन' आणि 'क्रायसिस'मधली रहस्यं फुटणार आहेत. त्या मालिका बघायच्या राहिल्या असतील तर तेवढा मजकूर सोडून वाचा.

पायरी पहिली: मालिका बाजूला ठेवा, मुखपृष्ठ बघा

मुखपृष्ठाचं काम एकच होतं. स्टॉलवर दहा सेंटांची नाणी घेऊन उभ्या असलेल्या पोराचा हात शेजारच्या अंकाऐवजी आपल्या अंकाकडे वळवायचा. गोष्ट सांगणं हे आतल्या पानांचं काम. मुखपृष्ठ फक्त गोष्टीतला सगळ्यात अवघड क्षण पकडतं आणि तिथेच थांबतं. आधी काय झालं आणि पुढे काय होणार, हे कळायला अंक विकत घ्यावा लागतो.

'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक घ्या. जो शुस्टरनं काढलेलं हे मुखपृष्ठ न बघितलेला माणूस सापडणं कठीण. निळ्या-लाल कपड्यातला एक माणूस हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आदळतोय, माणसं पळतायत, खालच्या कोपऱ्यातला एक जण तर डोकं धरून चित्राबाहेर निघालाय. आता क्षणभर विसरा की तो सुपरमॅन आहे. एप्रिल १९३८ मध्ये स्टॉलवर उभ्या असलेल्या माणसाला हे नाव माहीतच नव्हतं. त्याला काय दिसलं असेल? मोटारी फोडणारा एक राक्षस! पळणारे लोक गुंड आहेत आणि त्यांनी लोइस लेन या पत्रकार तरुणीला पळवून आणलंय, हे आतली पानं उलटल्यावर कळतं.

म्हणून कुठलंही मुखपृष्ठ समोर आलं की तीन गोष्टी बघायची सवय लावा. चित्रात कोणाला काय माहीत आहे आणि काय नाही? धोका कुठून येतोय? आणि अंक न उघडता कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही? हा तिसरा प्रश्न वहीत लिहून ठेवा, पुढे तोच कामाला येतो.

तारखांबद्दलही सांगून ठेवतो, कारण नवखे इथे हमखास गोंधळतात. अंकावर छापलेला महिना आणि अंक बाजारात आल्याचा महिना वेगळे असायचे. 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर जून १९३८ छापलंय, पण तो एप्रिलमध्येच विक्रीला आला होता. विक्रेत्यानं अंक जुना समजून लवकर परत पाठवू नये म्हणून पुढची तारीख घालत. त्यामुळे दोन ठिकाणी दोन महिने दिसले तर घाबरू नका, दोन्ही बरोबर असू शकतात.

कधीकधी तर गाडी उलटीच धावायची. सुपरमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आधी जबरदस्त मुखपृष्ठ काढून घेत आणि मग लेखकाला सांगत की आता याला गोष्ट शोध. आज टीव्हीचा दिग्दर्शक एखाद्या मुखपृष्ठाभोवती प्रसंग रचतो तेव्हा तो नवं काही करत नसतो, कॉमिकच्या लेखकांनी हेच साठ वर्षांपूर्वी केलंय.

आपल्याकडच्या वाचकांना हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहानं १९६४ मध्ये सुरू केलेली 'इंद्रजाल कॉमिक्स' मराठीतही निघत. त्यातल्या वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) गोष्टी अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्यांवरून यायच्या, आणि वर्तमानपत्रातल्या पट्टीला मुखपृष्ठ कुठून असणार? ते इथेच रंगवावं लागे. सुरुवातीच्या अनेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांची आहेत. दुसऱ्यानं सांगितलेल्या गोष्टीतला एक क्षण निवडून तो आपल्या हातानं नव्यानं मांडायचा, हेच त्यांचं काम होतं. टीव्हीवाले तेच उलट्या दिशेनं करतात.

पायरी दुसरी: जवळ काय ठेवायचं

फार काही नाही. 'ग्रँड कॉमिक्स डेटाबेस' नावाचं स्वयंसेवकांनी चालवलेलं मोफत संकेतस्थळ आहे. अंकाचं नाव आणि क्रमांक टाकला की मुखपृष्ठाचं चित्र मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी पेन्सिल (मूळ रेखाटन) कोणाची, शाई (त्या रेखाटनावर शाईनं गिरवण्याचं काम) कोणाची हेही. ही दोन्ही नावं बघायची सवय लावा. अमेरिकी कॉमिक्समध्ये मुखपृष्ठाचा चित्रकार आणि आतल्या पानांचा चित्रकार वेगळे असणं नेहमीचं. १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' अंक १५ मध्ये स्पायडरमॅन पहिल्यांदा आला. आतल्या गोष्टीची चित्रं स्टीव्ह डिटकोची, पण मुखपृष्ठाची पेन्सिल जॅक कर्बीची आणि त्यावर शाई डिटकोची. मालिकेनं सलाम कोणाला केलाय हे सांगताना भलत्याच माणसाचं नाव घेतलं जाऊ नये.

अंक हातात धरायचा असेल तर गाजलेल्या अंकांच्या फॅक्सिमिली आवृत्त्या निघतात. त्यात जुन्या जाहिरातींसकट सगळा अंक जसाच्या तसा छापलेला असतो. मुखपृष्ठाचा आकार, किमतीचा चौकोन, शीर्षकाची अक्षरं चित्राची किती जागा खातात, हे मोबाइलच्या पडद्यावर कळत नाही.

आता पॉजबद्दल. ओटीटीच्या ॲपवर स्क्रीनशॉट काढायला गेलात तर बहुधा काळा चौकोन मिळेल. प्रताधिकारासाठी केलेली सोय आहे ती, तुमचा फोन बिघडलेला नाही. त्यावर उपाय म्हणजे वाहिनीनं यूट्यूबवर टाकलेल्या अधिकृत क्लिप. संगणकावर क्लिप पॉज करून पूर्णविरामाची कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, स्वल्पविरामाची कळ दाबली की मागे. मुखपृष्ठाशी नेमकी जुळणारी फ्रेम कधीकधी डोळ्याची पापणी लवण्याइतकीच टिकते, तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते.

पायरी तिसरी: पहिला सराव, दोन फ्लॅश आणि मधली भिंत

सरावाला 'द फ्लॅश'चा अंक १२३ घ्या, सप्टेंबर १९६१. पेन्सिल कार्माइन इन्फंटिनोची, शाई मर्फी अँडरसनची. चित्राच्या मधोमध विटांची भिंत आहे. समोर एक कामगार, त्याच्यावर लोखंडी तुळई कोसळतेय आणि तो फ्लॅशला हाका मारतोय. भिंतीच्या एका बाजूनं लाल पोशाखातला बॅरी ॲलन धावत येतोय, दुसऱ्या बाजूनं धातूचं शिरस्त्राण घातलेला जे गॅरिक. जे हा १९४० मधला मूळ फ्लॅश. दोघांनाही वाटतंय की हाक आपल्यालाच आहे. दोघं एकमेकांना बघू शकत नाहीत, आपण मात्र दोघांनाही बघतोय.

आता तिसरा प्रश्न विचारा. दोन फ्लॅश कसे? अंक उघडल्यावर गार्डनर फॉक्सची गोष्ट उत्तर देते: जे दुसऱ्या पृथ्वीवर राहतो. बॅरी त्याला लगेच ओळखतो, कारण त्यानं लहानपणी जेचीच कॉमिक्स वाचलेली असतात. म्हणजे ती भिंत नुसती विटांची नव्हती, दोन जगांमधली होती. डीसीच्या समांतर पृथ्वींचा पुढचा सगळा पसारा या गोष्टीतून वाढला.

सीडब्ल्यू वाहिनीवरच्या 'द फ्लॅश' मालिकेनं दुसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागाला या गोष्टीचंच नाव दिलं. तो भाग १३ ऑक्टोबर २०१५ ला दाखवला गेला. बॅरी म्हणजे ग्रँट गस्टिन, जे म्हणजे टेडी सीअर्स. सँड डेमन या खलनायकानं पकडून ठेवलेल्या पोलिसातल्या पॅटी स्पिव्हटला सोडवायला दोघं धावतात, मधे भिंत, आणि तो क्षण थेट मुखपृष्ठावरून उचललेला. इथे पॉज करा आणि मुखपृष्ठ शेजारी ठेवा. काय जुळतं? भिंत मधोमध, दोन्ही बाजूंनी दोघं, समोर संकटात सापडलेलं माणूस. काय बदललं? कामगाराऐवजी पुढेही येत राहणारं पात्र आलं. आणि मोठा बदल असा की इथे दोघांना एकमेकांची माहिती आहे, बेत ठरवून ते आत शिरलेत. मुखपृष्ठावरची सगळी गंमत त्या न दिसण्यात होती आणि नेमकी तीच इथे नाही. पहिल्यांदा बघताना मला हा सलाम देखणा वाटला, पण पोकळ. भिंत होती, पण तिला करायला काही काम नव्हतं.

पुढे त्याच सीझनमध्ये कळतं की हा जे गॅरिक खोटा आहे. तो हंटर झोलोमन, म्हणजेच झूम, त्या वर्षीचा मुख्य खलनायक. कॉमिकमधला बॅरी जेला बघताक्षणी ओळखतो. मालिकेतला बॅरी आधी संशय घेतो, मग मन वळवून विश्वास ठेवतो, आणि तिथेच फसतो. आता परत जाऊन तो शॉट बघा. भिंतीपलीकडे कोण धावतंय हे बॅरीला खरंच माहीत नव्हतं! १९६१ च्या मुखपृष्ठात वाचकाला नायकांपेक्षा जास्त दिसत होतं. २०१५ च्या शॉटमध्ये प्रेक्षकालाही तेवढंच दिसतं जेवढं बॅरीला. शिवाय ज्यांना मुखपृष्ठ ओळखीचं होतं ते जास्त फसले, कारण त्यांच्या लेखी जे गॅरिक म्हणजे शंभर टक्के सज्जन.

खरा जे सीझनच्या शेवटी येतो, आणि त्याचा चेहरा जॉन वेस्ली शिपचा. १९९० च्या 'द फ्लॅश' मालिकेत बॅरी ॲलन झालेला तोच हा नट. म्हणजे मुखपृष्ठावरचा 'जुना फ्लॅश' मालिकेला अखेर टीव्हीच्याच जुन्या फ्लॅशमध्ये सापडला. पहिल्या सरावाला मी हेच उदाहरण सुचवतो ते म्हणूनच. नुसतं 'जुळलं!' म्हणून पुढे गेलात तर हे सगळं हातचं जातं.

पायरी चौथी: माणसं नाही, वस्तू शोधा

सगळेच सलाम उभ्या राहिलेल्या नायकांतून होत नाहीत. 'वॉचमेन' हे बारा अंकांचं कॉमिक १९८६-८७ मध्ये आलं, चित्रं डेव्ह गिबन्सची. त्याच्या मुखपृष्ठांवर कोणी ढिशुम-ढिशुम करत नाही. एखाद्या वस्तूचा अगदी जवळून घेतलेला तुकडा असतो, आणि तेच चित्र आतल्या गोष्टीची पहिली चौकट असतं. मुखपृष्ठ संपतं कुठे आणि गोष्ट सुरू होते कुठे, हे सांगताच येत नाही. पहिल्या अंकावर पिवळा हसरा बिल्ला आहे, डोळ्यावर रक्ताचा तिरका ओघळ.

एचबीओवर २० ऑक्टोबर २०१९ ला 'वॉचमेन' मालिका सुरू झाली. ती कॉमिकची नक्कल नव्हती, त्या जगात पुढे घडणारी ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली नवी गोष्ट होती. पहिल्या भागात मालिकेची नायिका अँजेला मुलांसमोर अंडी फोडून दाखवते आणि भांड्यातल्या बलकांचा हसरा चेहरा तयार होतो. हा गमतीतला सलाम, पटकन दिसतो आणि संपतो. पण त्याच भागाच्या शेवटी पोलीसप्रमुख जड क्रॉफर्ड झाडाला लटकलेला सापडतो. त्याचा बिल्ला खाली पडलेला आहे आणि त्यावर रक्ताचा एक थेंब टपकतो.

इथे नवख्याला वाटेल की झालं, बिल्ला जुळला, रक्त जुळलं. थोडं थांबा. कॉमिकमध्ये त्या बिल्ल्यानं एका खुनाचा तपास सुरू होतो, आणि मेलेला माणूस किती वाईट होता हे हळूहळू उलगडत जातं. मालिकेनं तीच वस्तू त्याच कामाला लावली. ज्याचा खून झाला तो आपल्याला भला वाटलेला असतो, पुढच्या भागांत त्याच्या कपाटातून काय निघतं ते बघा. चित्र बदललं, हसऱ्या बिल्ल्याच्या जागी पोलिसाचा बिल्ला आला, पण मुखपृष्ठाचा प्रश्न शाबूत राहिला: हा माणूस नक्की कोण होता? माझ्या मते टीव्हीवरचा याहून चांगला सलाम शोधावा लागेल.

उलट टोकाचं उदाहरणही बघून घ्या. 'सुपरमॅन अँड लोइस'च्या पहिल्याच भागात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, टायलर हेक्लिनचा सुपरमॅन हिरवी मोटार पकडून एका मुलाला वाचवतो. मुलगा पोशाखाचं कौतुक करतो, तर हा म्हणतो, आईनं शिवलाय. १९३८ च्या मुखपृष्ठाचा प्रश्न होता 'हा कोण, देव की राक्षस?' मालिकेनं तो विचारलाच नाही, कारण आता उत्तर सगळ्यांना पाठ आहे. मोटार आदळायच्या ऐवजी अलगद खाली ठेवली. गोड प्रसंग आहे, त्याहून जास्त त्यात शोधू नका.

पायरी पाचवी: श्रेयनामावली पळवू नका

'स्किप इंट्रो'चं बटण दाबायची सवय इथे सोडावी लागेल. 'द सँडमॅन'च्या १९८९ ते १९९६ मध्ये निघालेल्या सगळ्या ७५ अंकांची मुखपृष्ठं डेव्ह मॅककीनची आहेत: छायाचित्रं, रंग, सापडलेल्या वस्तू, सगळ्यांचं मिश्रण. बहुतेक मुखपृष्ठांवर नायक दिसतच नाही, आणि त्या काळात हे धाडस होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटची श्रेयनामावली मॅककीननंच केली. इथे नक्कल करायला कोणी तिसरा माणूस नाही, मूळ चित्रकारच आपलं जुनं काम हलतं करून दाखवतोय. आणि आपण ते 'पुढचा भाग' दाबून घालवतो.

'हॉकआय' (२०२१) च्या श्रेयनामावलीतली सपाट जांभळी रंगसंगती, मोकळी जागा आणि नेमबाजीची वर्तुळं बघा. मग डेव्हिड आहानं २०१२ पासून केलेली त्याच नावाच्या कॉमिकची मुखपृष्ठं बघा. कुठलं एक मुखपृष्ठ उचललेलं नाही, पण हात कोणाच्या वळणावर गेलाय ते लगेच कळतं.

'शी-हल्क'चं प्रकरण आणखी वेगळं. १९८९ च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर जॉन बर्नची शी-हल्क थेट गिऱ्हाइकाला धमकावते की या वेळी माझा अंक घेतला नाहीस तर घरी येऊन तुझे एक्स-मेनचे अंक फाडेन. मुखपृष्ठाचं काम विकण्याचं असतं, हे तिनं उघड बोलून टाकलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मालिकेच्या शेवटच्या भागात शी-हल्क ओटीटीच्या मेनूतूनच बाहेर उडी मारते आणि लेखकांना जाब विचारायला जाते. चित्र म्हणून काहीही जुळत नाही. पण १९८९ मध्ये गिऱ्हाइकाच्या हातात जे होतं ते अंकाचं मुखपृष्ठ, आणि आज जे असतं तो मेनू. दोन्हीकडे शी-हल्क तिथूनच बाहेर येते.

पायरी सहावी: आता संशय घ्यायला शिका

महिनाभर हा छंद लागला की सगळीकडेच मुखपृष्ठं दिसायला लागतात. गुडघ्यावर उतरणारा नायक, पाठीला पाठ लावून उभे असलेले दोघं, पावसात छपरावर बसलेला कोणी. यातलं बहुतेक सगळं नुसती सवयीची रचना असते.

'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'चा अंक ७, ऑक्टोबर १९८५, जॉर्ज पेरेझ. सुपरमॅनच्या हातांवर सुपरगर्लचं निष्प्राण शरीर. यानंतर कुठल्याही मालिकेत कोणी कोणाला असं उचललं की 'क्रायसिस!' असा गलका होतो. पण 'एक्स-मेन'च्या १९८० मधल्या अंक १३६ वर सायक्लॉप्सनं फीनिक्सला असंच धरलंय, आणि दोन्हींच्या मागे व्हॅटिकनमधलं मायकलअँजेलोचं पंधराव्या शतकातलं, मेरीच्या मांडीवर येशूचं शव असलेलं शिल्प उभं आहे. तेव्हा नुसत्या पवित्र्यावर जाऊ नका. माझा नियम सोपा आहे: रचना, रंग किंवा पोशाख, आणि भागाचं नाव किंवा कथेतली जागा, या तिन्हींपैकी दोन जुळले तरच 'सलाम' म्हणायचं. एकच जुळलं तर वहीत प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं.

कधी मालिका मुखपृष्ठ दाखवतच नाही, पण तुम्हाला ते आठवतंय हे गृहीत धरून खेळते. 'द फ्लॅश'च्या २०१४ मधल्या पहिल्याच भागात भविष्यातलं वर्तमानपत्र दिसतं: संकटात फ्लॅश बेपत्ता. 'क्रायसिस'चा अंक ८, त्यातला बॅरीचा अंत, हे माहीत असलेला प्रेक्षक पाच वर्षं जीव मुठीत धरून बसला. डिसेंबर २०१९ मध्ये 'क्रायसिस'चे टीव्हीवरचे भाग सुरू झाले आणि फ्लॅश मेलाही. पण गस्टिनचा नाही. १९९० चा फ्लॅश, म्हणजे पुन्हा जॉन वेस्ली शिप, त्याच्या जागी गेला. सुपरगर्लला तर मालिकेनं मारलंच नाही.

वहीत काय लिहायचं

अंकाचं नाव आणि क्रमांक, छापलेला महिना, पेन्सिल, शाई. मालिका, सीझन, भाग, शॉट कितव्या मिनिटाला येतो ते. मग दोनच ओळी: मुखपृष्ठाचा प्रश्न काय होता, आणि मालिकेनं तो पुन्हा विचारला, उलटा केला की टाळला. समाजमाध्यमांवर टाकणार असाल तर चित्रकाराचं नाव आधी आणि मालिकेचं नंतर. हा माझा हट्ट आहे, पण तो सोडायचा विचार नाही.

पहिल्या शनिवार-रविवारसाठी 'वॉचमेन'चा पहिला भाग पुरे. मात्र त्याआधी कॉमिकच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आणि पहिलं पान तरी बघून घ्या. फ्लॅशला हात घालाल तेव्हा दुसरा सीझन शेवटपर्यंत बघायची तयारी ठेवा, नाहीतर ती भिंत तुम्हालाही पोकळच वाटेल.